दोनशे दहा ग्रॅम

हॉझमधल्या खोलीत पलंगावर सगळं मांडलं
आणि सॅकच्या पाठीतून दोन पट्ट्या ओढून काढल्या.
ॲल्युमिनियमच्या, किंचित बाकदार,
माझ्याच पाठीच्या मापानं दुकानात वाकवून घेतलेल्या.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या. दोनशे दहा ग्रॅम.
मिसेस ऑल्डरसन म्हणाल्या, एवढ्यासाठी?
एवढ्यासाठीच. अठ्ठावन्नाव्या वर्षी
गुडघा ग्रॅममध्ये बोलायला लागतो.

आणि हे कुणी करावं, तर मी.
लीड्समध्ये एकतीस वर्षं सांगाड्यांची गणितं केली,
तुळया, खांब, कुठला भार कुठून जमिनीत उतरतो.
फ्रेम नको, असं कुणी म्हणालं असतं
तर चहा पाजून त्याला घरी पाठवला असता.

मंगळवारी हार्ड्रॉ ओलांडेपर्यंत सॅकनं मान टाकली.
सगळं तळाशी बसलं, मध्ये पोक आलं,
तंबूचे खुंटे बरगडीशी चौकशी करायला लागले.
पट्टे आवळले की खांदे ओरडत,
सैल केले की कंबर.
झोपलेलं पोर पाठुंगळी घ्यावं
आणि त्यानं एकाच बाजूला कलंडावं, तसं.

वाटेच्या कडेला पडलेली भिंत उभी करत होता एक जण.
क्लिफर्ड रॉ. नाव त्यानं नंतर सांगितलं,
सॅक चुकीची भरलीय हे आधी.
त्याच्या भिंतीत चुना नाही, सिमेंट नाही.
दोन्ही अंगांना मोठे दगड, पोटात बारीक,
तेही ओतलेले नाहीत, एकेक बसवलेले.
"पोकळी राहिली की भिंत तिथूनच फुगते."
एवढंच बोलला, आणि पुढचा दगड
हातात फिरवून बघायला लागला,
बाजारात वांगं बघावं तसा.

मी तिथंच गवतावर सॅक उलटी केली.
मेंढ्या बघत होत्या.
फोमची चटई गुंडाळून आत उभी सोडली,
ती उलगडत कडांना टेकली,
मध्ये विहीर तयार झाली.
विहिरीच्या तळाला झोपायची पिशवी, मग तंबू,
पाठीच्या बाजूला तांदूळ आणि डाळ.
मोजे फटीत, लोकरीची टोपी फटीत,
जिथं बोट जाईल तिथं काहीतरी.
दाबून, तोंड गुंडाळून बांधली,
हात सोडला
आणि ती उभी राहिली.

जे वाहून न्यायचं होतं तेच खांब झालं होतं.
माझ्या एकाही ड्रॉइंगमध्ये
सामानाला कधी काम दिलेलं नव्हतं.

फुशारकी नको. ग्रेट शनर फेलच्या चढावर
तीन वाजल्यापासून खांदे ठणकले.
फ्रेम होती तेव्हा मधून वारा जायचा,
आता पाठ चिंब,
माझ्या आणि ओझ्याच्या मध्ये कुणीच नाही.
मी वळलो की तीही वळायची, मी धापलो की तीही.
आडोशाला बसून पाव आणि चीज खाल्लं
तर तेवढी जागा ढिली पडली,
तिथं लगेच जाकीट कोंबावं लागलं.
खाल्ल्याचाही हिशेब पाठीवर.

थ्वेटला रात्री सगळं उपसलं
आणि सॅक दाराच्या खिळ्याला अडकवली.
ओला शर्ट लोंबावा तशी लोंबत राहिली.
तिला स्वतःचा आकारच नव्हता.
बराच वेळ बघत बसलो, कारण
पाय उचलून झोपायला जायचा कंटाळा आला होता.

तिसऱ्या दिवशी गाडी न्यायला हॉझला आलो.
पट्ट्या मिसेस ऑल्डरसनच्या वाफ्यात रोवलेल्या होत्या,
दोन्ही, हातभर अंतरावर.
हव्या तर घेऊन जा, म्हणाल्या,
पण जागच्या हलल्या नाहीत.
वाटाण्याच्या वेलीनं एकीला विळखा घातला होता,
बरोबर जिथं माझी कंबर आत वळते तिथं.

राहू द्या, म्हटलं.
वेल अजून गुडघ्यापर्यंतही आली नव्हती.