भिजत घातलेलं

पहाटे आनंदा कातडं भिजत घालतो
सिमेंटच्या कुंडीत,
तेव्हा मी भिंतीला टेकून, पाय पसरून
चपलांच्या वेण्या विणत असते.
गठ्ठा पोटावरच ठेवते.
आतलं कूस बदलतं, गठ्ठा घसरतो.
नववा लागला, बोटं अजून चालतात.

यादी तेजूच्या वहीत आहे,
मागच्या पानावर, तेराच्या पाढ्याखाली.
सुती लुगडी दोन, फाडून, उकळून, उन्हात, मग इस्त्री.
मेणकापड. बॅटरी. नवं सेल.
पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून दोन पिंपं झाकून.
झालं त्यापुढं तेजू चांदणी काढते.
'धीर' असं मीच लिहिलं होतं शेवटी,
तिनं विचारलं, हे कुठल्या दुकानात मिळतं?

तेजूच्या वेळी दवाखान्यात
वर एक ट्यूब फडफडत होती.
चौघी एकदम ओरडायच्या, लाव जोर, लाव,
आणि त्यातली एक फोनवर भाजी सांगत होती.
वाईट कुणीच नव्हतं.
पण मला कुणी विचारलंच नाही
की तू आता कुठवर आलीस.

जुलेखा मुजावर गुरुवारी येतात.
सीपीआरमध्ये एकतीस वर्षं, आता रिटायर,
जांभळी स्कूटी, डिकीत वजनकाटा.
सोनोग्राफीचे कागद उजेडात धरून दोनदा वाचतात.
नळी आधी स्वतःच्या, मग माझ्या कानाला.
लांबच्या शिवारात गुऱ्हाळाचं इंजिन चालावं
तसं काहीतरी, माझ्या आत.
"मी काय करत नसतो गं," म्हणतात,
"मी बसतो. करणारी तू.
आणि मी ऊठ म्हटलं की उठायचं,
सीपीआर म्हणजे काय दुष्मन न्हवं."
म्हणून विलासची रिक्षा रोज रात्री
गल्लीच्या तोंडाला, नाक रस्त्याकडं करून.

आनंदानं नवी रापी घासून ठेवली होती, नाळेसाठी.
त्यांनी अंगठ्यावर धार बघितली.
"झकास हाय," म्हणाल्या,
आणि परत दिली. "चपला काप."

हिराक्का, माझी सासू, काही बोलत नाही.
तिची चार याच खोलीत झाली.
तिघांची नावं सांगते.
कोपरा पुसून झाला की पुन्हा पुसते,
पुन्हा, डेटॉल टाकून,
फरशीत काही राहून गेल्यासारखी.
यादीत तिच्या भीतीला ओळ नाही.
मी काल तिच्या शेजारी बसून
दुसरा फडका घेतला.

आनंदाला विचारलं, कातडं किती वेळ भिजवायचं?
म्हणाला, घड्याळ नसतंय त्याला.
घाईनं ओढलं तर फाटतं.
हात लावून बघायचं, नाहीतर गप्प बसायचं.
मग स्वतःच गप्प बसला.

आणि आज, दिवेलागणीला, यादी मनातही नसताना,
वेणीचा एक पेड दुसऱ्यावरून टाकताना
कमरेतून काहीतरी आवळत पुढं आलं,
थांबलं, गेलं.
कुणाला सांगितलं नाही.
आनंदाच्या हातोडीचे ठोके मोजले,
ओल्या चामड्यावर, दगडावर.
एका कळेपासून दुसरीपर्यंत सहाशे.
मग चुकले.
मग चारशे दहा.

हिराक्काच्या हातातला फडका थांबला.
"तेजू, बाईंना फोन लाव," एवढंच,
आणि पिंपावरचं झाकण काढलं.

आनंदा उठायला लागला.
"तू ठोकत ऱ्हा," मी म्हटलं.
"अगं, जोड झाला की पुरा."
"तरी. मला मोजायचंय."

तो खाली बसला.
हातोडी घेतली.
दगडावर काही नव्हतं.