खोडलेलं दिसतं का

गुरुवारी लाइट जाणार, हे पुण्यात
कुणी कुणाला सांगत नाही.
सर्व्हर मात्र हेरंबच्या फ्लॅटवर, कर्वेनगरला,
चपलांच्या रॅकवर, मोज्यांशेजारी.
तो बंद पडला की आम्ही सगळे
हात धुऊन ताटाची वाट बघणाऱ्यांसारखे.

शब्दांची यादी करत होतो आम्ही.
शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर, फुकट,
ज्याला हवं त्यानं न्यावं, उघडून बघावं, बदलावं.
त्याआधीची व्यवस्था म्हणजे पेन ड्राइव्ह :
यादी, यादी-नवी, यादी-शेवटची,
यादी-शेवटची-खरंच,
आणि यशोधनची एक, नुसतीच 'ही घ्या'.

रविवारी निलोफरच्या गच्चीवर बसलो, भवानी पेठेत.
खाली कुणीतरी पत्रा ठोकत होतं.
हेरंब म्हणाला, सबव्हर्जनच राहू दे.
एक जागा, एक खरं,
आकडे सरळ : चारशे बारा, चारशे तेरा.
घराला एक किल्ली पुरते.
निलोफर म्हणाली, गिट.
किल्ली तुझ्या खिशात, म्हणून तुला पुरते.
प्रत्येकाकडे सगळं हवं, पहिल्या शब्दापासून.
मर्क्युरिअलचं नाव मी काढलं, शिकायला सोपं म्हणून.
माझं ऐकून घेतलं, शेंगदाणे पुढे केले.

तास गेला. 'अहंकार' हा शब्द आला,
तो यादीत आधीच होता.

मग बिडकरकाका, चाळीस वर्षं प्रुफं वाचलेले,
कमिट म्हणजे काय हे ज्यांना आम्ही तीनदा सांगितलं होतं,
त्यांनी विचारलं :
खोडलेलं दिसतं का?
दोन्हींत दिसतं, काका.
कुणी खोडलं, तेही?
तेही. तारीख, वेळ.
आणि का खोडलं?
लिहिलं असेल तर.
नाही लिहीत कुणी, काका म्हणाले,
छापखान्यातही नव्हते लिहीत.

निर्णय असा झालाच नाही.
पुढच्या गुरुवारी लाइट गेली, आली,
आणि हेरंबची डिस्क सुपारी कातरल्यासारखी वाजायला लागली.
रात्री एकला त्याचा मेसेज :
गिट. पण जुना इतिहास मी आणणार. सगळा.

तो आणायला एक फाइल लागते.
डावीकडे जुनं टोपणनाव, उजवीकडे माणूस.
एचके म्हणजे हेरंब. निलू म्हणजे निलोफर.
यशोधनची तीन, पासवर्ड विसरायचा म्हणून.
आणि एक पीएनके.
दोनशे अकरा शब्द, सगळे चामड्याच्या कामाचे :
रापी, आरी, वादी, अस्तर…

कोण पीएनके?
निलोफरला स्वेटर आठवला.
यशोधनला सायकल, एकाच पेडलची.
काकांना अक्षरावरून माणूस सांगता येतो,
पण इथे सगळ्यांचं अक्षर एकच.
दोनशे अकरा नोंदींत एका ठिकाणी तेवढा खुलासा :
'हे शब्द वडिलांना विचारून.'

उजवी बाजू रिकामी ठेवली तर मशीन पुढे सरकत नाही.
अज्ञात लिहू, मी म्हणालो.
अज्ञात कसा, काका म्हणाले,
वडील आहेत की त्याला.
हेरंबनं उजवीकडेही पीएनकेच लिहिलं,
पत्त्याच्या जागी : पुणे.
मशीनला तेवढं चाललं.

आज गुरुवार. लाइट नाही.
कर्वेनगर, भवानी पेठ, माझं धायरी,
प्रत्येकाकडे अख्खी यादी,
बॅटरी आहे तोवर एकमेकांना न विचारता वाढतेय.
संध्याकाळी जोडायला बसू तेव्हा एक ओळ अडणार,
मला आत्ताच माहीत आहे.
मी रापीवर अनुस्वार दिलाय, कोशात बघून.
निलोफरनं त्याच ओळीत अर्थ घातलाय,
गल्लीतल्या कारागिराला विचारून.
मशीन कुणाची बाजू घेणार नाही.
दोन्ही ओळी दाखवेल, एकाखाली एक,
मधे सात बरोबरची चिन्हं,
आणि थांबून राहील.