छपराचं टोक माझ्याकडे

आमचं घर रबराचं आहे.
गोदीतल्या जुन्या पट्ट्यातून कापलेलं.
भोईर सरांनी कानशीनं कडा घासल्या,
पांढरा ऑइलपेंट दोनदा मारला, म्हणाले,
सतरा इंच, हेमांगी, एक सूतही कमी नाही.

पाच कोन. बालवाडीतली पोरं पाटीवर काढतात तसं घर,
फक्त खिडकी नाही, शेजारी नारळ नाही.
पिचरला ते सरळ दिसतं.
मला उलटं. छपराचं टोक माझ्या पायांशी
आणि उंबरा पलीकडे.
मी उकिडवी. तोंडावर जाळी, छातीवर पॅड.
आठजणी माझ्याकडे तोंड करून उभ्या,
अख्खं मैदान समोर असलेली मी एकटीच.

मैदानाच्या मधोमध क्रिकेटचं पीच.
टेनिस बॉलवाले सकाळी सहालाच जागा अडवतात,
म्हणून आम्ही कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीखाली.
त्यांच्यातल्या एकानं विचारलं, तुमच्यात धाव कशी होते?
म्हटलं, इथून निघायचं,
तीन ठिकाणी पाय टेकवायचा,
आणि परत इथंच.
म्हणजे शेवटी गेलात कुठे? तो हसला.
मीही हसले. त्याला काय सांगू,
तिसऱ्या ठिकाणापर्यंत पोचलेल्या किती जणी
तिथंच उभ्या राहतात डाव संपेस्तोवर,
आणि फळ्यावर त्यांचं काहीच नसतं.

खेळ झाला की प्लेट माझ्या पिशवीत.
सात मजले, लिफ्ट बंद.
पाइपलाइनजवळची खोली पाडल्यावर मिळालेलं हे घर.
आई अजून याला 'तिकडे' म्हणते,
इथं बसून.
एकदा घाईत तिनं प्लेटवर गरम कुकर टेकवला.
गोल डाग पडला.
सर चिडले, पुन्हा रंग दिला.
रंगाखालून डाग वर आलाच.

उपान्त्य सामना. शेवटचा डाव, एका धावेची आघाडी.
तिसऱ्यावर फिरदौस.
एकाच गल्लीतल्या आम्ही, एकाच नळावरच्या.
चिठ्ठीत तिला मानखुर्द निघालं, मला माहुल.
तेव्हापासून आज दिसतेय,
दुसऱ्या रंगाच्या जर्सीत, केस कापलेली.

फटका बसला. ती सुटली.
उजवीकडून थ्रो आला, एक टप्पा, थेट मोज्यात.
मी उंबऱ्याशी गुडघा रोवला.
एवढंच तर काम माझं:
घरी येणारीला
घरी येऊ द्यायचं नाही.

ती घसरत आली. धूळ.
तिची बोटं पांढऱ्यावर,
माझा मोजा तिच्या खांद्यावर.
आधी काय, ते मला विचारू नका.
आउट, पंच म्हणाले.

आमच्या पोरी ओरडत धावल्या.
ती पालथीच पडून, हात प्लेटवरून न उचलता
त्या गोलावर बोट फिरवत होती.
हे काय गं?
कुकर. आईनं ठेवला.
तिच्या दातांवर माती होती. हसली.
काकी अजून तश्शीच?

पंच छोटा ब्रश हातात घेऊन वाकलेले.
उठा गं पोरींनो, म्हणाले,
झाडून घेऊ द्या.