सात, चौदा, अठ्ठावीस

जेल रोडवरच्या दुकानदारानं डबी उघडली,
नळी माझ्याच डोळ्याला लावली आणि म्हणाला,
"देख लो दीदी, इसमें काँच-वाँच कुछ नी है."
खरंच नव्हतं.
पलीकडे त्याचं कपाळ दिसत होतं, कपाळावर गंध.
तीन काळी कडी. सात, चौदा, अठ्ठावीस मिलिमीटर.
साडेसहाशे रुपये मोजले पोकळीचे,
आणि घासाघीस करताना कळेना
कमी करा म्हणायचं ते नेमकं कशातलं.

साहेबांचं आडनाव मुंगी आणि खातं किडींचं;
त्यावर हसायचं आम्ही केव्हाच सोडलंय.
त्यांना पुस्तिकेसाठी चक्रीभुंग्याचं अंडं हवंय. स्पष्ट.
मॅक्रो लेन्सचा अर्ज दोन वर्षं
कुठल्याशा टेबलावर पेपरवेटखाली सुखात आहे.

खंडवा रोडच्या पुढचं शेत, सकाळचे सात.
सोयाबीन मांडीपर्यंत, दवानं सलवार जड.
भुंग्याची मादी देठाला दोन वळसे चावते,
बांगड्या भराव्यात इतके नीट,
आणि मधल्या जागेत अंडं ठेवून निघून जाते.
वरचं पान माना टाकतं. तेवढ्यावरून ओळखायचं.
रेशमबाई बांधावरूनच ओरडते, "वो रिया, मुरझाया!"

लेन्सशी बोलणारी तार या कड्यांत नाही.
म्हणून आधी बटण दाबून धरायचं
आणि दाबलेलं असतानाच लेन्स काढून घ्यायची, चोरासारखी;
मग ती अकरावर अडकून राहते.
फोकस फिरवावा, तर चित्र ढिम्म.
इथे स्वतःलाच सरकावं लागतं, कोपरं मातीत रोवून,
गहूभर पुढे, अर्धा गहू मागे.
श्वास घेतला की देठ गेला.

काचेला कॅमेऱ्यापासून लांब नेलं
म्हणून वस्तू जवळ आली,
हे मला अजून पटलेलं नाही. पण होतं तसं.
उजेड मात्र वाटेत सांडतो.
रिकाम्या नळीत तो कशावर खर्च होतो, कोण जाणे.

ब्लेडनं देठ उभा चिरला.
सत्तेचाळिसाव्या फोटोत अंडं आलं:
पिवळं, तिळाहून बारीक,
एक टोक लख्ख, दुसऱ्या टोकाला धुकं.
एवढ्याशा अंड्यालाही अलीकडचं आणि पलीकडचं असतं तर.
मान वर करून कॅमेरा रेशमबाईकडे वळवला,
तर बांधावर नुसता जांभळा डाग, हात हलवणारा.
लेन्सवर आडवा आठ कोरलाय, अनंताचा.
कडी चढली की तो तिथेच असतो,
बंद पडलेल्या गिरणीच्या भोंग्यासारखा.

संध्याकाळी रामबागेत, नणंदेकडे.
परवा अनंत चतुर्दशी; आरती उरकून
सगळे गणपतीपुढे दाटीवाटीनं उभे.
"कॅमेरा आणलायस ना? काढ की!"
डोळा लावला. कडी काढायची राहिली होती.
चौदा माणसांचा एक सांडलेला रंग,
मधे गणपतीचा शेंदरी, बाजूला ताटातल्या उकडीचा पांढरा.
तरी कळत होतं: हिरवा हलतोय तो भाऊजींचा सदरा,
स्थिर निळा म्हणजे काकू,
त्यांना लहानपणापासून फोटोत श्वास घेता येत नाही.
सांगावं का, की थांबा, कडी काढते?
सगळे इतके छान हसत होते. बहुतेक.

तेवढ्यात कनू रांग मोडून धावत आली,
"मामी, माझा दात पडला, बघ ना!"
गुलाबी डाग मोठा होत गेला,
मोठा, आणखी मोठा, अजून नुसताच डाग,
आणि चार बोटांवर आल्यावर एकदम
हिरडी. ओलसर खळगा.
खळग्यात आत्ताच डोकावलेली
नव्या दाताची कड, करवतीसारखी दातेरी.

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, झाला का काढून?"
मी श्वास धरला होता.
"हलू नकोस," म्हटलं कनूला,
आणि गहूभर पुढे सरकले.