घरी काय सांगितलं

सेलूत नाइट क्लब होता म्हटलं की पोरं हसतात.
होता.
दुपारी चारला उघडायचा, दिवेलागणीला बंद.
रात्र आम्ही आतच बनवायचो,
जिनिंगच्या गोदामाच्या झरोक्यांवर
काळ्या ताडपत्रीचे तुकडे ठोकून.

मालक मुनाफभाई, मंडपवाले.
लग्नसराई सरली की स्पीकर रिकामे,
आणि रिकामा स्पीकर, ते म्हणायचे,
रिकाम्या बैलापेक्षा जास्त खातो.
कापसाचा काटा टांगायच्या हुकाला
त्यांनी रबरी फुटबॉल लटकवला,
त्यावर फुटक्या आरशाचे तुकडे,
फिरवायला टेबलफॅनची जुनी मोटर.
नाचून बाहेर येणाऱ्याच्या केसांत
हमखास रुई.

वय तेरा ते एकोणीस. दारू नाही.
गोटी सोडा दोन रुपये, बाटली परत.

मी दारावर. सोळाचा,
दहावीला एकदा बसून उठलेला.
हातात रजिस्टर. रकाने भाईंनीच आखलेले:
नाव. वय. वेळ.
घरी काय सांगितलं.

हा शेवटचा लई कामाचा.
"किसी का बाप आया तो अपन भी वोइच बोलना.
दो मुँह, एक झूठ. घर नै टूटता."

तर धम्मपाल, पंधरा: गिरणीत दळण.
राजश्री काबरा, सतरा: मैत्रिणीचं रुखवत.
अतीक: दळण. कैलास: दळण.
त्या तीन वर्षांच्या पिठात
अख्खा तालुका जेवला असता.

मग एक दिवस सुकेशिनी वाव्हळे, चौदा.
लिहिलं: नाचायला चालले.
म्हटलं, अगं, घरी काय सांगितलं ते लिही.
म्हणाली, तेच तर लिहिलंय.

मागं तिचे वडील. रेल्वेत गँगमन,
ड्यूटीवरून तसेच आलेले.
भाईंची पंचाईत. एवढी खोटी पाठ,
खऱ्याला काय उत्तर द्यायचं?
सरकीच्या पोत्यावर बसवलं, सोडा दिला.
दोन तास ते जड बुटानं ताल धरून बसले,
मग पोरीच्या केसांतली रुई वेचत
चालत निघून गेले.

पुढच्या आठवड्यात रकान्यापाशी
पोरं जरा थांबायची.
आणि दळणच लिहायची.

बंद कसा पडला? गाव म्हणतं, पोलिसांनी पाडला.
नाही. भारनियमनाचं वेळापत्रक बदललं,
चार ते आठ.
डिझेल किती दिवस जाळणार?

आता तिथं क्लास आहे. पोरगं दारातून आत गेलं
की बापाच्या मोबाइलवर मेसेज.
हुकाला पंखा.

रजिस्टर माझ्या दुकानात, उधारीच्या वह्यांखाली.
शेवटच्या दिवशी लाइट गेली तेव्हा
भाई म्हणाले, तू कभी अंदर गयाच नै. जा.
मी नाव लिहिलं. वय एकोणीस. साडेचार.
शेवटच्या रकान्यात: कामाला.

तीन वर्षं घरी हेच सांगत होतो.
त्या दिवशी ते पहिल्यांदा खोटं झालं.