घोर

ज्यूरीच्या खोलीत खुर्च्या बारा, कप अकरा.
मला कागदी पेला आला. तक्रार नाही.
ग्रिम्सबीच्या शाळेत बावीस वर्षं जेवण रांधते,
कुठे काय कमी पडलं ते मला आधी दिसतं.

आत काय बोललो ते सांगायचं नसतं, तसा कायदाच आहे.
म्हणून कोर्टात ऐकलेलं सांगते,
आणि थोडं माझ्या पोटातलं.

नऊ दिवस एका बॉयलरबद्दल ऐकलं.
ज्योत निळी हवी, ती पिवळी झाली होती.
धुराड्यात करड्या मानेच्या कावळ्यानं घर केलेलं:
काटक्या, मेंढीची लोकर, मासेमारीच्या जाळ्याचा हिरवा तुकडा.
प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते आमच्या हातांतून फिरवलं.
पुरावा क्रमांक चौदा.
इतकं हलकं, की पुढच्याला देताना
दिलं की नाही तेच कळेना.

वरच्या मजल्यावर झिविले आणि तिचा भाऊ तौरास.
लिथुआनियातून आलेली, गोदीवरच्या कारखान्यात
कॉडचे काटे काढायची.
तिचा मेसेज पडद्यावर मोठा करून दाखवला:
‘घरी असलं की डोकं दुखतं. कामावर गेलं की थांबतं.’
अडतीस मिनिटांनी घरमालकाचं उत्तर:
‘मग जास्त काम करा.’
आणि पुढे एक हसरा चेहरा,
पिवळा.

घरमालक मिस्टर ओडलिंग. राक्षस वगैरे काही नाही.
स्वेटरचं बटण चुकलेलं, आईला रोज सूप भरवणारा माणूस.
गॅसवाल्यानं बॉयलरला लाल चिठ्ठी बांधली होती: वापरू नका.
दुरुस्तीचे एकशे चाळीस पौंड.
चिठ्ठी सापडली ओडलिंगच्या गाडीत,
पेपरमिंटच्या गोळ्यांखाली, व्यवस्थित घडी घातलेली.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, चूक पुरेशी नाही.
मोठी चूकही पुरेशी नाही. घोर हवी.
आम्ही लिहून विचारलं, घोर म्हणजे किती?
गुन्हा म्हणावा इतकी.
आणि गुन्हा कधी म्हणावा?
ते तुम्हीच ठरवायचं.

शेजारीण साक्षीला आली. म्हणाली, भाऊ घोरायचा फार,
भिंतीतून ऐकू यायचं, मी झाडूच्या दांड्यानं ठोकायचे.
त्या रात्री ठोकावं लागलं नाही.
बरं वाटलं मला, म्हणाली,
आणि मग तिनं पाणी मागितलं.

फोटोत दोघांचे गाल गुलाबी होते,
झोप छान लागल्यासारखे.

आता माझं.
सहा वर्षांपूर्वी शेंगदाण्याच्या सॉसमधला चमचा
मी भलत्याच पातेल्यात घातला.
एका पोराला दाण्याचं वावडं, नाव भिंतीवर लावलेलं.
त्याला त्या दिवशी भूक नव्हती.
एवढंच. त्याला भूक नव्हती,
म्हणून माझी चूक चूकच राहिली.

रात्री पडल्या पडल्या हे घोळवत होते.
त्या चमच्याला कुणी लाल चिठ्ठी बांधली नव्हती.
बांधली असती तर मी सोडली असती का?
तीनशे पोरं रांगेत, घंटा झालेली?
नसती सोडली.
बहुतेक नसती.
त्या ‘बहुतेक’वरून उठले आणि सकाळी कोर्टात गेले.

पोरांची आई मागच्या बाकावर, कानाशी दुभाषी.
आमच्या म्होरक्यानं एकच शब्द उच्चारला.
दुभाषी तिच्या कानात बराच वेळ बोलत राहिला.
एका शब्दाला इतकं काय सांगायचं असतं?
ओडलिंगनं बटण सोडलं, नीट लावलं.

घरी आले. स्वयंपाकघरातला गॅसचा अलार्म
फेब्रुवारीपासून गप्प आहे;
रात्रभर टुकटुक करायचा म्हणून मीच काढल्या होत्या बॅटऱ्या.
शोधल्या. टीव्हीच्या रिमोटमध्ये होत्या.
नवरा बातम्या बघत होता.
थांब, म्हणाला, एवढं संपू दे.