घोडी

सुयश, आधी बाहेर निघ.
पाय तेवढे दिसून राहिले तुझे, डोकं दिसत नाही,
आणि वर साडेसहाशे किलोंची मारुती
बोटभर पिस्टनवर तोलून उभी.
निघ म्हटलं ना.

"पाच मिनिटांचं काम आहे, मावशी."
हो. पाच मिनिटांचीच असतात ही कामं.

ही खडूची कांडी घे.
बंपरच्या कडेला धरून भिंतीवर रेघ मार.
मारली?
आता चल, चहा घेऊ.

मानेवाड्यात संध्याकाळचे सहा वाजलेत
आणि अंगणातलं डांबर अजून चपलेला धरतं.
कूलरमधून वाळ्याचा ओला वास.
तू बशीत ओतून पितोस, थेट माझ्या बापासारखा.
पॉलिटेक्निकचं विचारलं
तर म्हणतोस, बिस्कीट आहे का अजून.
बरं. बिस्कीट घे.

माझे बाबा मोतीबागेत छोट्या लाईनचे डबे उचलायचे.
घरी फारसं बोलत नसत.
पण कोणाचीही गाडी उचललेली दिसली
की सायकल थांबवून, अनोळखी माणसालाही, सांगत:
जॅक उचलतो. धरत नाही.
आई रोज त्यांच्या डब्यात
दोन पोळ्या जास्त बांधायची,
त्या यादोरावच्या घरी जायच्या.
यादोरावला मी कधी पाहिलं नाही.
त्याच्या बायकोला पाहिलं.

झाला चहा? चल, रेघ पाहू.

पाहा.
दोन बोटं खाली.
कोणी हात लावला नाही, वारंही नाही.
आतलं सील जुनं झालं की तेल मागं सरकतं,
गुपचूप, थेंबाथेंबानं,
थकलेलं माणूस खुर्चीत घसरत जातं तसं.
या दोन बोटांत तुझी छाती होती.

आता पहिल्यापासून.
गाडी पूर्ण खाली घे.
हँडब्रेक ओढ, पहिल्या गिअरात टाक.
मागच्या चाकांना दोन्हीकडून ओट लाव.
दगड नको, लाकडाचे घे, तिरपे कापलेले.
नट आत्ताच सैल कर, चाक भुईवर आहे तोवर;
नंतर हवेत पान्यावर लटकशील
आणि गाडी तुझ्यासोबत नाचेल.

जॅकखाली ही जाड फळी.
मे महिन्यात डांबरावर भरवसा नको.
विटा? ठेव त्या परत कुंडीखाली.
वीट भाराला आधी हो म्हणते
आणि मग मधोमध तडकते.

आता घोड्या आण, दोन्ही.
हसू नको, घोडीच म्हणतात तिला.
नवरदेव चढल्याशिवाय वरात निघत नाही.
त्यांच्या पायांखालीही फळ्या.
पत्र्याला लावू नको, पत्रा दुमडेल;
कडेची जाड शिवण आहे ना, तिथं.
पिन आरपार गेली का, बोटानं चाचपून पाहा.
मग जॅक सोड, हळू,
वजन घोडीवर बसू दे.
ऐकलंस? तो कण् आवाज?
तो हवा होता.

आता कमरेनं धक्का दे गाडीला.
अजून. लाजू नको.
पडायची असेल तर आत्ता पडू दे,
तू बाहेर आहेस तोवर.

हलली नाही.

काढलेलं चाक आडवं सरकव खाली.
आणि त्यावर हा सालाचा तुकडा,
बाबांनी भंगारातून सही करून आणलेला स्लीपर;
चाळीस वर्षं यावर आईची लोणच्याची बरणी होती,
एक गोल डाग आहे, बघ.
घोडीही चुकली तर हा आहे.
हाही चुकला तर...
नाही, मग काही नाही माझ्याकडे.

जा आता.

मी इथंच बसते, ओट्यावर, पायरीच्या बाजूला.
तू बोलत राहा काहीतरी
म्हणजे मला कळतं.

बराच वेळ नुसता पान्याचा आवाज.
मग खालून, तेलकट, छताशी बोलल्यासारखं:
"मावशी, मी फेब्रुवारीतच सोडलं कॉलेज.
आईला माहीत नाही."

मी काही म्हटलं नाही.
उठून परत एकदा
गाडीला कमरेनं हलकेच रेटून पाहिलं.

मग एक हात बाहेर आला, तळवा उघडा.
"चौदाचा दे."